उंबऱ्याशी थांबलेला कायदा

दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर बाधतो, याचे सुरुवातीचे पुरावे घरांतूनच आले. १९७४ मध्ये लंडनमधल्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या आईवडिलांच्या तान्ह्या बाळांना न्यूमोनिया आणि ब्राँकायटिस जास्त होतो असं दिसलं. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांच्या नोंदी मांडल्या. नवरा ओढत असेल तर त्यांनाही फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढत होता. १९८३ मध्ये ईस्ट बोस्टनच्या मुलांची ७ वर्षं फुंक मोजून कळलं, की आई ओढत असेल तर मुलांच्या फुफ्फुसांची वाढ मागे पडते.

आपल्याकडे कायदा आला तो मात्र घराबाहेरच्या सार्वजनिक जागांसाठी. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश, २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम. वाशीच्या मॉलमध्ये पेटवली तर २०० रुपयांपर्यंत दंड. घरात काहीच नाही.

आणि ठाणे-नवी मुंबईतली घरं कशी, तर वन-आरके, वन-बीएचके, बाल्कनी स्लायडिंग लावून हॉलमध्ये घेतलेली. 'मी खिडकीत ओढतो' याला तिथे फारसा अर्थ नाही. दोन झुरक्यांच्या मध्ये नुसतं जळत राहणारं टोकच जास्त धूर सोडतं, आणि वारा आतल्या बाजूचा असला की तो थेट अभ्यासाला बसलेल्या मुलाकडे येतो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. संडासात एक्झॉस्ट लावून ओढली तर धूर डक्टमध्ये, तिथून वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये.

दहावी-बारावीत फुफ्फुसं अजून वाढत असतात. मुलींची साधारण १८ पर्यंत, मुलांची विशी ओलांडेपर्यंत. धुरामुळे होणारी घट थोड्या टक्क्यांची, जिना चढताना जाणवतही नाही, म्हणून घरात कुणाला पटत नाही. दमा असेल तर मात्र पंप वारंवार काढावा लागतो.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघतात. ओठ नळीवर सैल राहिले किंवा फुंक अर्धवट सुटली की आकडा उगाच कमी येतो, म्हणून किमान ३ चांगल्या फुंका घेतात. पण कमी आकड्याचं कारण धूरच, असं त्यावरून ठरत नाही.

धूर अंगात जातोय का, हे लाळेतल्या किंवा लघवीतल्या कोटिनीनवरून (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) कळतं. त्याचं प्रमाण १६ ते २० तासांत निम्मं होतं. वडील शनिवार-रविवारीच घरी असतील, तर नमुना सोमवारी सकाळी घ्यावा, शुक्रवारचा फसवतो. आणि मुलगा स्वतःच लपून ओढत किंवा गुटखा खात असेल, तर आकडा भलताच वर जातो.