टेबलटॉप खेळांच्या जत्रेचा खर्च: हिशेब परतीच्या बॅगेपासून मांडावा

आमच्या सांगलीच्या कार्यालयातून होणारी बहुतांश आरक्षणे आजही काशी, चारधाम आणि अष्टविनायकाचीच असतात. मात्र गेल्या काही वर्षांत पट, पत्ते आणि फासे घेऊन तासन्‌तास बसणारे काही तरुण ग्राहक, आणि त्यांच्यासोबत काहीसे साशंक चेहऱ्याने येणारे त्यांचे पालक, आमच्याकडे वेगळीच चौकशी करू लागले आहेत. जर्मनीतील एसेन येथे भरणाऱ्या ‘श्पील’ या खेळांच्या जत्रेला जाऊन यायचे तर नेमके किती रुपये लागतील, असे ते विचारतात. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी आहे.

श्पील १९८३ पासून भरते. ऑक्टोबर महिन्यात, गुरुवार ते रविवार असे चार दिवस ती चालते आणि अलीकडच्या वर्षांत तेथे येणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेली आहे. प्रवेशाचे तिकीट एकदा काढले की प्रकाशकांच्या टेबलांवर बसून नवे खेळ शिकण्यासाठी आणि खेळण्यासाठी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ‘जेनकॉन’ या अशाच जत्रेत मात्र प्रवेशपत्राखेरीज बहुतेक आयोजित डावांसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते. हिशेब आवाक्यात राहावा म्हणून पहिल्या खेपेस आम्ही एसेनच सुचवतो. ज्यांना अशा गर्दीची अजिबात सवय नाही, त्यांनी आधी मुंबईत भरणारे ‘मीपलकॉन’ हे अशाच खेळांचे संमेलन पाहून यावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. त्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पुरते आणि आपली हौस किती टिकाऊ आहे हेही स्वस्तात कळते.

अंदाजपत्रक मांडताना बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. आमचा अनुभव असा की सुरुवात परतीच्या बॅगेपासून करावी. यात्रेकरू परतताना गंगाजलाचा गडू आणि प्रसाद आणतो. खेळाडू मात्र खोकी आणतो आणि ती खोकी हाच या प्रवासातील सर्वांत बेभरवशाचा खर्च असतो. तिकीट, निवास आणि जेवण यांचे आकडे निघण्यापूर्वी ठरतात, पण खरेदीचा आकडा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हाताबाहेर जातो.

एक उदाहरण मापे घेऊन पाहू. मध्यम खेळाचे चौकोनी खोके साधारण ३० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ७ सें.मी. जाड असते आणि त्याचे वजन दीड ते दोन किलो भरते. आतून ७० × ४५ × २८ सें.मी. असलेल्या मोठ्या बॅगेत अशी दोन खोकी लांबीत बसतात आणि त्यांचे चार थर लागतात, म्हणजे एकूण आठ खोकी झाली. त्यांचे वजन १२ ते १६ किलो आणि रिकाम्या बॅगेचे सुमारे ४ किलो धरले, तर २३ किलोंच्या मर्यादेत कपड्यांसाठी फार तर ३ ते ७ किलो उरतात. ‘ग्लूमहेवन’सारखा एकच मोठा खेळ घेतला तर तो एकटाच जवळपास १० किलो खातो. म्हणून आम्ही ग्राहकांना जाण्यापूर्वी खेळांची यादी किमतीने नव्हे तर किलोने करायला सांगतो. सामानाची मर्यादा विमान कंपनी आणि तिकिटाचा प्रकार यांनुसार बदलते. स्वस्त तिकिटात काही वेळा मोठी बॅग मुळातच धरलेली नसते, तेव्हा तिकिटावरील ती एक ओळ पैसे भरण्यापूर्वी वाचावी.

आमच्या एका ग्राहकाची बॅग परतताना विमानतळावर ३१ किलो भरली. त्याने काउंटरसमोर बॅग उघडून दोन स्वेटर अंगावर चढवले आणि जाडजूड नियमपुस्तिका जॅकेटच्या खिशांत कोंबल्या. तरीही उरलेल्या वजनाचे शुल्क दोन नव्या खेळांच्या किमतीएवढे झाले. घरी आल्यावर असे आढळले की त्या आठ किलोंपैकी बराच भाग खोक्यांतील प्लास्टिकच्या कप्प्यांचाच होता, आणि उरलेल्या जागेत नुसती हवा होती. लहान पत्त्यांचे खेळ मोठ्या खोक्याच्या पोकळीत बसवले असते, तर निदान जागा तरी वाचली असती.

आता आकडे पाहू. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०५ रुपये असे धरले आहे. प्रत्यक्ष दर आपण निघाल त्या आठवड्याचा घ्यावा. मुंबईहून जाऊन-येऊन विमानप्रवासाला ७०,००० रुपये धरावेत. खोली दोघांत घेतली तर माणशी रात्रीला ६० युरो, म्हणजे सहा रात्रींचे ३७,८०० रुपये होतात. जेवणाला दिवसाला २५ युरो धरले तर सात दिवसांचे १८,३७५ रुपये लागतात. प्रवेश आणि स्थानिक प्रवास मिळून १४० युरो, म्हणजे १४,७०० रुपये ठेवावेत. व्हिसा आणि विमा यांसाठी १५,००० आणि सांगली ते मुंबई जाण्या-येण्यासाठी ४,००० रुपये धरले की बेरीज सुमारे १ लाख ६० हजारांवर येते. त्यात सरासरी ४५ युरोंचे आठ खेळ मिळवले तर आणखी ३७,८०० रुपये होतात. दोन लाखांच्या आत हे बसते, पण जेमतेम. म्हणून आणखी वीस हजार रुपये वेगळे काढावेत आणि त्यांना खरेदीसाठी हात लावू नये.

निवासाचा आकडा सर्वांत आधी बिघडतो. जत्रेच्या दिवसांत एसेनमधील खोल्यांचे दर चढतात, म्हणून डुइसबुर्ग, बोखुम किंवा ड्यूसेलडॉर्फ येथे राहून रोज रेल्वेने जावे. एसेनच्या मुख्य स्थानकावरून यू ११ क्रमांकाची भुयारी गाडी थेट जत्रेच्या दारापर्यंत नेते. जर्मनीत रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे ब्रेड, फळे आणि पाणी शनिवारीच घेऊन ठेवावे. पाण्याच्या बाटलीच्या किमतीत २५ सेंट अनामत धरलेली असते. ती बाटली दुकानातील यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात. आठवड्याभरात चहाचे पैसे यातूनच निघतात.

खाण्याचा खर्च कमी करण्याचा आपला जुना उपाय येथेही चालतो. सांगलीचे भडंग, चटण्या आणि बेदाणे खुशाल न्यावेत. मात्र दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचे तूप येथेच ठेवावे. जर्मन मित्राला द्यायला नेलेला पेढ्यांचा पुडा तिकडच्या विमानतळावर जप्त झाला तर त्याची भरपाई कोणीही देत नाही.

व्हिसाचे वेळापत्रक आणि पैशाचे वेळापत्रक हे दोन्ही एकत्र पाहावे लागते. जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो, तसेच परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने पारपत्र वैध असावे लागते. आमच्याकडे तासगाव आणि मिरज भागातून येणारे बरेच ग्राहक द्राक्षबागायतदारांच्या घरातील आहेत. त्यांच्याकडे पैसा उन्हाळ्यात, माल विकल्यावर येतो. जत्रा मात्र नेमकी छाटणीच्या धांदलीत येते, जेव्हा मजुरी आणि औषधे यांनाच रोख रक्कम पुरत नाही. अशा घरांनी एप्रिल-मेमध्येच प्रवासाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि बागेत कोण थांबणार हेही तेव्हाच ठरवावे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते, हे आम्ही पाहिले आहे.

परदेशात क्रेडिट कार्ड वापरल्यास अनेक बँका विनिमयावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात, म्हणून त्याऐवजी आधीच परकीय चलन भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड बरे पडते. यंत्राने रुपयांत द्यायचे की युरोत असे विचारले तर युरोच निवडावे. रुपयांचा पर्याय निवडल्यास दुकानदाराच्या बाजूचा महागडा दर लागू होतो. छोट्या टेबलांसाठी थोडी रोकड ठेवावी. सहल आमच्याकडून एकत्रित घेतल्यास त्यावर टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून आधीच घ्यायचा आयकर) गोळा करावा लागतो, परंतु तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो.

खरेदीबाबत तीन गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. पहिली, अनेक खोक्यांत केवळ जर्मन भाषेतील आवृत्ती असते. भारतात सहज मिळणारा खेळ तिकडून वाहून आणण्यात अर्थ नाही, आणि पत्त्यांवर मजकूर असलेला जर्मन खेळ आणण्यात तर मुळीच नाही. दुसरी, एका दुकानातील ५० युरोंवरील खरेदीवर जर्मनीतील व्हॅट परत मागता येतो, पण त्यासाठी विक्रेत्याने नमुना भरून द्यावा लागतो आणि बॅग काउंटरवर देण्यापूर्वी माल न वापरलेल्या स्थितीत सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवावा लागतो. म्हणजे परतावा हवा असेल तर ते खोके उघडू नये, आणि जागा वाचवायची असेल तर त्या खोक्याच्या परताव्याची आशा सोडावी. सगळेच विक्रेते हा नमुना देत नाहीत. तिसरी, जागा उरली नाही म्हणून खेळ टपालाने पाठवू नयेत, कारण प्रवाशाला सामानावर मिळणारी शुल्कसवलत टपालाने आलेल्या मालाला लागू होत नाही. ही सवलत सध्या किती आहे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला निघण्यापूर्वी लेखी देतो.

अंदाजपत्रक बसवून घेण्यासाठी कार्यालयात येताना पारपत्र, खेळांची यादी आणि शक्य असल्यास नेणार असलेली रिकामी बॅग सोबत आणावी. वजनकाटा आमच्याकडे आहे.