कॅम्प आणि रेसिडेन्सी: चित्र कुणाचं, वेळ कुणाचा

दिवाळी झाली की चित्रकारांच्या कॅम्पचा हंगाम सुरू होतो. यंदा माझ्या व्हॉट्सअॅपवर तीन निमंत्रणं आली आणि तिन्हींवर ‘रेसिडेन्सी’ हा शब्द होता, म्हणजे कलाकाराने आठवडे-महिने एका जागी राहून मोकळेपणी काम करणं. पहिलं ‘पाच दिवसीय आंतरराष्ट्रीय आर्ट रेसिडेन्सी’. आंतरराष्ट्रीय का, तर काठमांडूहून दोघे चित्रकार येणार होते. दुसरं ‘रेसिडेन्सी कॅम्प’, म्हणजे गोंधळ एकाच नावात बसवलेला. तिसरं ‘दोन दिवसीय रेसिडेन्सी’. दोन दिवसांत माणसाला गीझरचं बटण कुठलं एवढंच कळतं.

हे तिन्ही कॅम्प आहेत. आणि कॅम्पला कॅम्प म्हणायला लाजण्याचं काही कारण नाही. मी स्वतः वर्षाला एखादा करते, मानधन वेळेवर मिळतं आणि जुने मित्र भेटतात. पण मागचं अख्खं वर्ष मी तीन देशांतल्या तीन रेसिडेन्सींमध्ये काढलं, आणि परत आल्यापासून शेजारच्या काकांपासून जेजे स्कूल ऑफ आर्टमधल्या वर्गमित्रांपर्यंत प्रत्येक जण एकच विचारतोय: ‘मग, किती चित्रं झाली?’ सगळा घोळ या प्रश्नात आहे.

कॅम्प काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. ताणून ठेवलेला तीन बाय तीनचा कॅनव्हास, लवकर वाळतं म्हणून अॅक्रिलिक, जेवणानंतरच्या गप्पा, कुणातरी ज्येष्ठांचं व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक, चौथ्या दिवशी सही, पाचव्या दिवशी शाल-श्रीफळ, बॅनरसमोर फोटो आणि पाकीट. चित्र तिथेच ठेवून आपण एसटी पकडतो.

रेसिडेन्सीचे वरवरचे फरक पटकन सांगून टाकते, कारण लोक नेमके त्यांच्यातच अडकतात. ती आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजतात. फोनवरून बोलावणं येत नाही, सहा महिने ते वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. दहा-पंधरा कामांचे फोटो, स्वतःच्या कामाबद्दल पानभर मजकूर आणि तिथे काय करायचं आहे याचा प्रस्ताव. हा प्रस्ताव तिथे गेल्यावर बहुतेक जण गुंडाळून ठेवतात आणि कुणी जाब विचारत नाही. स्वयंपाक अनेकदा आपला आपण करायचा. आजूबाजूला फक्त चित्रकार नसतात, कुणी ध्वनीवर काम करतं, कुणी लेखक असतं. तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, ते तिथेच विकत घ्या. झालं.

दिवसांची संख्या हा खरा फरक नाही. ब्रिटिश शिल्पकार अँथनी कॅरो आणि कलासंग्राहक रॉबर्ट लोडर यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ट्रायँगल नावाची कार्यशाळा सुरू केली, ती जेमतेम दोन आठवड्यांची. तिच्यातून पुढे देशोदेशीच्या कार्यशाळांचं जाळं झालं, त्याच जाळ्यातून आपल्याकडे १९९७ साली दिल्लीजवळच्या मोदीनगरला खोज या कलाकारांच्या संस्थेची पहिली कार्यशाळा झाली. पुढे खोजने दिल्लीत खिडकी भागात स्वतःची जागा केली. मुदतीने पाहिलं तर कॅम्पच. पण तिथला भर चित्र पुरं करण्यावर नव्हता. वेगळ्या देशातल्या, वेगळ्या सवयीच्या माणसाशेजारी उभं राहून काम करताना आपल्या हाताचं काय होतं, हे बघण्यावर होता. उलट, महिनाभराचा मुक्काम देऊन शेवटी चार कॅनव्हास मोजून घेणारी जागा म्हणजे लांबलेला कॅम्पच.

मग फरक कशात आहे? देवाणघेवाण कशाची होते, त्यात.

कॅम्पमध्ये आयोजकाला चित्र हवं असतं. त्याच्या हॉटेलच्या लॉबीसाठी, कंपनीच्या संग्रहासाठी, लिलावासाठी. तुमचा प्रवास, राहणं, जेवण आणि पाकीट ही त्या चित्राची किंमत. सरळ व्यवहार आहे. रेसिडेन्सीत देणारा वेळ देतो. खोली, स्टुडिओ, कधी भत्ता, आणि मुख्य म्हणजे ‘आज काय केलंस?’ असं न विचारणारे लोक. त्या वेळेचं तुम्ही काय केलंत हा तुमचा प्रश्न.

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या पीटरबरो गावी मॅकडॉवेल नावाची रेसिडेन्सी आहे, १९०७ पासून. रानात विखुरलेले तीसेक स्टुडिओ. दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, म्हणजे जेवायला म्हणूनही उठायला नको आणि कुणाशी बोलायलाही नको. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या आहेत, तिथे राहून गेलेले त्यांच्यावर आपलं नाव लिहितात. त्या फळ्यांना तिथे थडगी म्हणतात. ती टोपली मला फार आवडते. आपल्याकडे कॅम्पमध्ये जेवणाची घंटा झाली की ब्रश टाकून पळायचं असतं, आणि जेवताना आयोजकाचे मेहुणे ‘हे अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे नेमकं काय हो, मॅडम?’ म्हणून शेजारी येऊन बसतात.

वेळ नेहमीच असा मोकळा मिळत होता असं नाही. फ्रान्सने १६६६ मध्ये रोमला अकादमी काढली, तिथे पाठवलेल्या तरुण कलाकारांना पॅरिसला कामं पाठवावी लागत आणि तिथे ती तपासली जात. राजाच्या पैशावर राहायचं तर हिशेब आलाच. तो हिशेब सुटत जाणं हाच या प्रकाराचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

मुंबईच्या चित्रकारांना हे नवं नाही. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, पुढच्या वर्षी अकबर पदमसी, १९६८ मध्ये तय्यब मेहता. फेलोशिप म्हणजे पैसा आणि रेसिडेन्सी म्हणजे जागा, हा फरक मला मान्य आहे, पण मिळाला तो वेळच. तय्यब परत आले आणि त्यांच्या कॅनव्हासवर ती कर्णरेषा आली, आकृती मधोमध चिरणारी. पुढे ऐंशीच्या दशकात ते शांतिनिकेतनात निवासी कलाकार म्हणून राहिले. तिथे पाहिलेल्या चडक उत्सवातून त्यांचं ‘शांतिनिकेतन’ त्रिफलक, म्हणजे तीन फलकांचं एक चित्र, उभं राहिलं. त्यांना कुणी ‘किती चित्रं झाली?’ विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा काहीच नाही.

माझंच सांगते, म्हणजे सवय किती खोल असते ते कळेल. पहिली रेसिडेन्सी उत्तर युरोपातल्या एका लहान गावात, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत. तीन महिने. मी कॅम्पच्या वेगाने सुटले. पहिल्या आठ दिवसांत तीन कॅनव्हास पुरे, सह्यांसकट. समन्वयक बाई आल्या, नीट पाहिलं, म्हणाल्या, छान आहेत, ही तुला आधीच येत होती ना? आणि चहा करायला गेल्या. मला आधी राग आला. मग तीन आठवडे काही झालं नाही. खरंच काही नाही, झोप, पाऊस आणि बटाटे. इचलकरंजीच्या मागवाल्याची मुलगी मी, धोट्याच्या खडखडाटात वाढलेली, आणि या गिरणीत इतकी शांतता की कान दुखायचे. चौथ्या आठवड्यात जमिनीकडे लक्ष गेलं. माग काढून नेले होते, पण जिथे त्यांचे पाय बोल्टांनी आवळलेले होते तिथे भोकं आणि तेलाचे डाग तसेच होते, रांगेने. मी त्यांच्यावर कागद ठेवून ग्राफाइटने घासून ठसे घ्यायला लागले. परत येताना बरोबर ठशांची एक गुंडाळी होती, चित्र एकही नव्हतं. ते तीन कॅनव्हास उलटे करून तिथेच कुणालातरी वापरायला दिले. त्या ठशांवरचं मोठं काम घरी येऊन आठ महिन्यांनी सुरू झालं.

शेजारच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे तीन महिने फुकट गेले.’

आता या फरकाची कायदेशीर बाजू. ती कुणी सांगत नाही आणि तिनेच सगळ्यात जास्त फसायला होतं. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाचा. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं चित्र असेल, तर उलट करार नसल्यास त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा ठरतो. कॅम्प या वर्णनात बसतो असं आयोजक सहज म्हणू शकतो. माझं एका कॅम्पमधलं चित्र दोन वर्षांनी एका कंपनीच्या कॅलेंडरवर दिसलं, जून महिन्याला, नावाशिवाय. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्याकडे करारच नव्हता, फक्त मानधनाच्या पावतीवर सही होती. आता पाकीट घेण्याआधी एका ओळीचं पत्र लिहून घेते: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. आयोजक जरा दचकतात, पण देतात.

काही रेसिडेन्सीही जाताना एक काम ठेवून घेतात. एवढ्याने ती कॅम्प होत नाही, पण विचारून घ्या: कुठलं काम, निवडणार कोण, त्याचं पुढे काय करणार. निवड त्यांची असेल तर मी जात नाही. उरलेली अट म्हणजे ओपन स्टुडिओ, म्हणजे एका संध्याकाळी दार उघडं ठेवायचं आणि गावातल्या लोकांनी अर्धवट कामं बघायची. आपल्याकडचे चित्रकार त्यासाठी रात्रभर जागून चित्रांभोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट कापताना मी पाहिले आहेत. ते प्रदर्शन नव्हे, हो. डाग, चुका, भिंतीला लावलेले कागद, हेच बघायला ते आलेले असतात.

पैशाचं थोडक्यात. ‘आपली निवड झाली आहे’ या मेलचा अर्थ ‘आम्ही खर्च करू’ असा होत नाही. पॅरिसच्या सिते एंतरनास्योनाल दे-झार या रेसिडेन्सीत मारे आणि मोंमार्त्र हे दोन भाग मिळून तीनशेहून जास्त स्टुडिओ आहेत, १९६५ पासून; तिथे येणाऱ्या अनेकांच्या मागे त्यांच्या देशाची किंवा एखाद्या संस्थेची मदत असते. म्हणून आधी पैसा कोण देणार ते बघा. प्रो हेल्वेशिया ही स्विस कलासंस्था दक्षिण आशियातल्या कलाकारांना स्वित्झर्लंडला बोलावते तेव्हा प्रवास आणि भत्ता देते. ब्रिटनसाठी मदत देणारा चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आहे, आणि शिष्यवृत्त्या देणाऱ्या इनलॅक्सकडेही दृश्यकलेसाठी वाट आहे. आणि ज्या जागा निवडीनंतर खोलीचं भाडं, ‘प्रशासन शुल्क’ आणि कॅटलॉगचे पैसे मागतात, त्या भाड्याच्या खोल्या आहेत. सुट्टी म्हणून जायचं तर खुशाल जा, पण बायोडेटात ती रेसिडेन्सी म्हणून लिहू नका. निवड समितीतल्या लोकांना ती नावं पाठ असतात.

वर्षभर हिंडायची स्वप्नं बघणाऱ्यांनी आणखी एक गणित आधी करावं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक, साध्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ते सगळ्या शेंगेन देशांत मिळून. पॅरिसला तीन महिने आणि लागून बर्लिनला तीन महिने असं होत नाही. त्यासाठी त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो. मी युरोप, मग जपान, मग पुन्हा युरोप असं लावलं ते जपानच्या ओढीने नव्हे, या ९० दिवसांमुळे. निमंत्रणाच्या पत्रात तारखा, भत्ता आणि राहण्याचा पत्ता स्पष्ट हवा, नाहीतर व्हिसाच्या खिडकीवरून परत.

आणि वर्षात तीनच्या वर नकोत. एकीला दहाबारा ठिकाणी महिना महिना हिंडताना पाहिलं आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला आठवडा सिमकार्ड आणि बसचा पास, शेवटचा आठवडा ओपन स्टुडिओ आणि सामान बांधणं. मधल्या दोन आठवड्यांत ती तेच करायची जे तिला आधीपासून येत होतं. रेसिडेन्सींचाच कॅम्प करून टाकला. सहा आठवड्यांच्या आतली रेसिडेन्सी मी तरी स्वीकारत नाही.

काल त्या तीन निमंत्रणांपैकी हिल स्टेशनवाल्या आयोजकांचा पुन्हा फोन आला. मी येते म्हणाले, पण पत्रावर कॅम्प लिहा आणि कॉपीराइटची ओळ घाला. ‘मॅडम, कॅम्प लिहिलं तर स्पॉन्सर येत नाहीत हो,’ ते म्हणाले. शेवटी कॉपीराइटची ओळ मिळाली. रेसिडेन्सी तशीच राहिली.