नील पीअर्टचा तो सोलो नेमका आला कुठून

२३ नोव्हेंबर २००२, रिओ दि जानेरोचं माराकाना स्टेडियम. कॅनडाच्या रश बँडच्या टूरची शेवटची रात्र. साओ पावलोहून निघालेले सामानाचे ट्रक पावसामुळे उशिरा पोचलेले, धड साउंडचेकही झालेला नाही, आणि समोर चाळीस हजार लोक, जे शब्द नसलेली धूनसुद्धा उड्या मारत एका आवाजात गातायत. मग मध्येच गिटारवाला आणि बासवाला बाजूला होतात आणि ड्रमर एकटा उरतो. पुढची आठ-नऊ मिनिटं नील पीअर्ट जे काही करतो ते मी आजवर किती वेळा पाहिलं असेल याची मोजदाद नाही.

पहिल्यांदा पाहिलं ते होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर. मी लहानपणी चार-पाच वर्षं तबला शिकलेलो, त्यामुळे हात कसा बसतो याची थोडी जाण होती, तरी तेव्हा वाटलं की हा माणूस सुचेल तसं सुटलाय. दोन-चार वेळा पाहिल्यावर लक्षात आलं की असं अजिबात नाहीये, प्रत्येक तुकडा बसवलेला आहे, कुठला आधी कुठला नंतर हे ठरलेलं आहे, अगदी तबल्याचा एकल कार्यक्रम जसा पेशकार, कायदा, रेला असा पायरी-पायरीने चढत जातो तसं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रशच्या उरलेल्या दोघांनी, म्हणजे गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसनने, अनिका निल्स या जर्मन ड्रमरला घेऊन पुन्हा टूर करणार असं जाहीर केलं तेव्हा मी तो सोलो परत काढून बसलो, आणि या वेळी ठरवलं की त्याच्या मागचं सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

सुरुवात पार मागून करावी लागते, कारण ड्रमसेट हे वाद्यच तसं नवीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांमध्ये मोठा ढोल (बेस ड्रम) एकाकडे, स्नेअर म्हणजे ताशासारखा कडक आवाजाचा छोटा ड्रम दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असा मामला असायचा, आपल्याकडे ढोल, ताशा आणि झांजा वेगवेगळ्या माणसांकडे असतात तसाच. मग बँड रस्त्यावरून हॉलमध्ये शिरले, जागा कमी, पैसे कमी, म्हणून एकच माणूस सगळं वाजवायला लागला. १९०९ मध्ये लुडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीने मोठ्या ढोलासाठी पायाचं पेडल आणलं आणि तिथे खरा फरक पडला, कारण आता उजवा पाय कामाला लागला आणि दोन्ही हात मोकळे झाले, आणि पुढे १९२० च्या दशकात हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी, आल्यावर डावा पायही कामाला लागला. चारही हातपाय वेगवेगळं काम करतायत असं वाद्य माणसाच्या हाती आलं ते असं, गरजेपोटी.

पण ड्रमर तेव्हाही मागेच बसायचा, ठेका धरायचा आणि गप्प राहायचा. त्याला पुढे आणला तो जीन क्रूपाने. बेनी गुडमनच्या जाझ बँडमध्ये १९३७-३८ च्या सुमारास त्याने टॉम-टॉमवर, म्हणजे सेटमधल्या खोल आवाजाच्या ड्रमवर, जे लांबलचक वाजवलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ते जसं गाजलं, तिथून ड्रमर हाही स्टार होऊ शकतो हे लोकांना कळलं. त्याच्या पाठोपाठ बडी रिच, जो चालायला शिकल्या-शिकल्या आईवडिलांबरोबर स्टेजवर वाजवायला लागला होता आणि ज्याच्या हाताच्या वेगाबद्दल आजही ड्रमर लोक आदराने बोलतात. आणि इथे आपला एक खरा धागा आहे, १९६८ मध्ये याच बडी रिचने मुंबईकर झालेल्या उस्ताद अल्लारखाँबरोबर एक अख्खी रेकॉर्ड केली. जाझचा ड्रमर आणि पंजाब घराण्याचा तबलजी समोरासमोर, त्या काळात! मिळाली तर जरूर ऐका.

रॉकमध्ये हे सगळं आलं ते जाझवाल्यांच्याच हातून. क्रीम या बँडचा जिंजर बेकर मुळात जाझचा माणूस, त्याने १९६६ मध्ये दोन-दोन बेस ड्रम लावून पाच मिनिटांचा सोलो रेकॉर्डवर आणला, मग लेड झेपलिनचा जॉन बोनम आला आणि सत्तरच्या दशकात मोठ्या शोमध्ये ड्रम सोलो असणारच असं होऊन गेलं. त्याच वेळी इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक नावाची गोष्ट आकार घेत होती. १९६९ मध्ये किंग क्रिमसनची पहिली रेकॉर्ड आली, त्यात मायकेल जाइल्स ड्रमवर, आणि येसमध्ये बिल ब्रुफर्ड, आणि या लोकांनी चार मात्रांचा सरळ रस्ता सोडून पाच, सात, नऊ अशा मात्रांमध्ये गाणी बांधायला घेतली. आपल्याला रूपक आणि झपताल कानावर असल्यामुळे सात आणि दहा मात्रांचं एवढं नवल वाटत नाही, पण रॉक ऐकणाऱ्या पोरांसाठी ते फार मोठं होतं.

ही सगळी शिदोरी एका शेतीच्या अवजारांच्या दुकानातल्या पोराकडे पोचली. नील पीअर्टचा जन्म १२ सप्टेंबर १९५२, हॅमिल्टन, ओंटारिओ, आणि वाढला तो सेंट कॅथरिन्समध्ये. वडिलांचा धंदा शेतीची यंत्रं विकायचा. लहान असताना त्याने टीव्हीवर जीन क्रूपाच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि ड्रमच वाजवायचे असं डोक्यात बसलं. तेराव्या वाढदिवसाला घरच्यांनी काठ्या, सरावाचं पॅड आणि क्लासची फी एवढंच दिलं आणि सांगितलं की वर्षभर टिकलास तर ड्रमसेट मिळेल. पोरगा टिकला. १९७१ मध्ये अठराव्या वर्षी लंडनला गेला, म्युझिकमध्ये नाव काढायचं म्हणून, पण पोट भरलं ते कार्नाबी स्ट्रीटच्या एका दुकानात दागिने विकून. दीडेक वर्षाने परत आला आणि वडिलांच्या दुकानात स्पेअर पार्ट विकायला लागला आणि संध्याकाळी गावातल्या बँडमध्ये वाजवायला. मला हा काळ फार जवळचा वाटतो, कारण हार मानून परत आलेला माणूस रोज संध्याकाळी काठ्या उचलतो आहे आणि पुढे काय होणार याचा त्याला काही पत्ता नाहीये.

मग १९७४ मध्ये टोरोंटोच्या रशला तातडीने ड्रमर हवा झाला. त्यांची पहिली रेकॉर्ड नुकतीच अमेरिकेत चालायला लागलेली, टूर ठरलेला, आणि तब्येतीमुळे आणि इतर कारणांनी जुना ड्रमर जॉन रट्सी बाहेर पडला. नील बँडमध्ये आला तो दिवस २९ जुलै १९७४, म्हणजे गेडी लीचा एकविसावा वाढदिवस. टूरला साधारण दोन आठवडे उरलेले. १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये युराया हीप या बँडच्या आधी वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर अकरा हजारांवर माणसं. शिवाय बाकी दोघांना गाण्याचे शब्द लिहायचा कंटाळा आणि हा पुस्तकं खाणारा माणूस, त्यामुळे शब्द लिहायचं कामही त्याच्याकडेच आलं. पुढे सगळे त्याला प्रोफेसर म्हणायला लागले.

सत्तरीतला प्रवास मी पटकन सांगतो, कारण त्यावर सगळीकडे खूप लिहिलं गेलंय. तिसरी रेकॉर्ड पडली, कंपनीने छोटी सोपी गाणी करा म्हणून सांगितलं, आणि यांनी १९७६ मध्ये उलट एक बाजू भरून वीस मिनिटांचं एकच गाणं दिलं. ती रेकॉर्ड चालली आणि त्यानंतर त्यांना कोणी काही सांगायला गेलं नाही. मग नीलचा सेट वाढत गेला, घंटा, टेंपल ब्लॉक, नळ्यांच्या घंटा, गाँग, आणि १९८४ च्या सुमारास पाठीमागे अख्खा इलेक्ट्रॉनिक सेट.

पण एका गोष्टीवर थांबायलाच पाहिजे, ती म्हणजे १९८१ ची वायवायझेड नावाची धून, तीच जी रिओमध्ये लोक शब्दांशिवाय गात होते. वायवायझेड हा टोरोंटो विमानतळाचा कोड. विमानांना दिशा दाखवणारा तिथला रेडिओ सिग्नल हा कोड मोर्समध्ये सतत पाठवत असतो, तो या लोकांनी विमानातून येताना ऐकला आणि त्याचाच ठेका केला. आता मोर्समध्ये वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब आणि झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबला दोन मोजा आणि आखूडला एक, आणि हाताने टाळी देत म्हणून बघा: दा दि दा दा, दा दि दा दा, दा दा दि दि. सात, सात आणि सहा, बेरीज वीस, आणि चारची एक मात्रा धरली तर पाच मात्रांचं एक आवर्तन. विमानतळाच्या नावातूनच ताल निघाला! नील हे सुरुवातीला क्रोटेल्सवर, म्हणजे सुरात लावलेल्या छोट्या जाड झांजांवर वाजवतो, आणि मग बास आणि गिटार त्यावर येऊन आदळतात. मी हे पहिल्यांदा मोजून जुळवलं तेव्हा आनंदाने खोलीत एकटाच टाळ्या देत बसलो होतो.

आता खरी गोष्ट. १९९० च्या दशकात हा माणूस जगातला सगळ्यात मान मिळालेला रॉक ड्रमर होता, मासिकांच्या मतदानात वर्षानुवर्षं पहिला, आणि तरी त्याला वाटत होतं की आपण अडकलोय. १९९१ मध्ये बडी रिचच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात तो बिग बँडबरोबर, म्हणजे मोठ्या जाझ ताफ्याबरोबर, वाजवायला गेला आणि स्वतःच्या वाजवण्यावर खूश नव्हता. मग बडी रिचलाच मानवंदना म्हणून त्याने रेकॉर्ड काढायला घेतली, त्यासाठी बरेच ड्रमर बोलावले, आणि त्यातल्या स्टीव्ह स्मिथचं वाजवणं पूर्वीपेक्षा इतकं सुधारलेलं दिसलं की त्याने विचारलं, हे कसं झालं? उत्तर मिळालं, फ्रेडी ग्रूबर. हा ग्रूबर बडी रिचचा जुना दोस्त आणि ड्रम शिकवणारा माणूस. आणि चाळिशी ओलांडलेला नील पीअर्ट त्याच्याकडे शिष्य म्हणून गेला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

पहिल्यापासून म्हणजे अक्षरशः काठी धरण्यापासून. नील तोवर बहुतेक वेळ दोन्ही हातात काठी सारखीच धरायचा, आता त्याने जुनी ट्रॅडिशनल पकड घेतली, ज्यात डाव्या हाताचा तळवा वर असतो आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यात बसते. ही पकड लष्करी ड्रमवाल्यांची, त्यांचा ड्रम पट्ट्याने कमरेशी तिरका लटकायचा, तिरक्या ड्रमवर डावा हात सरळ येत नाही म्हणून ती निघाली, आणि जाझवाल्यांनी ती तशीच पुढे चालवली. ग्रूबरचा भर दोन आघातांच्या मधल्या जागेवर होता, काठी वर जाते कशी, हवेत वळते कशी, खाली येते कशी, जवळजवळ नाचासारखं. आपल्याकडे गुरुजी निकास बघतात ना, बोल किती जोरात वाजला यापेक्षा तो हातातून सुटला कसा, तेच. बैठक बदलली, ड्रमची उंची बदलली, आणि नील महिनोन्महिने रोज घरी बसून सराव करत राहिला. तीस वर्षांची सवय मोडायची आणि तीही जग आपल्याला एक नंबर म्हणतंय तेव्हा, याला केवढी जिद्द लागते! मला त्याच्या वेगापेक्षा या गोष्टीचं कौतुक कायम जास्त वाटत आलंय.

मग ऑगस्ट १९९७ मध्ये त्याची एकोणीस वर्षांची मुलगी कार अपघातात गेली, आणि दहा महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, बायको कॅन्सरने गेली. त्याने बँडमधल्या दोघांना सांगितलं की मला निवृत्त समजा, आणि मोटरसायकल काढून एकटा निघाला, कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, मध्य अमेरिका, सगळं मिळून ८८ हजार किलोमीटर. ड्रमला हात नाही. बाकीचे दोघं थांबून राहिले, दुसरा ड्रमर शोधला नाही. २००१ मध्ये तो परत आला, २००२ मध्ये रेकॉर्ड आली आणि पाच वर्षांनी टूर निघाला, आणि त्या टूरचा शेवट म्हणजे रिओची ती रात्र.

आता तो सोलो परत लावा. सुरुवात स्नेअर आणि टॉमवर, काठ्यांची ती गोल वळणं ग्रूबरची. थोड्या वेळाने पाय तीन मात्रांचा वॉल्ट्झ धरतात, पहिल्या मात्रेला बेस ड्रम, दुसरी-तिसरीला डाव्या पायाने हाय-हॅट, आणि हे चालू ठेवून वर हात भलतंच काहीतरी बोलायला लागतात. तबलजीला लेहरा धरायला शेजारी हार्मोनियमवाला किंवा सारंगिया असतो, याचे स्वतःचेच पाय लेहरा धरतात, ते एकदाही हलत नाहीत, आणि हात त्यावर लय मोडून परत समेला येतात. मी फक्त त्याचे पाय बघत हा तुकडा पाहिलाय आणि दुसऱ्यांदा फक्त हात, दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे पटत नाही. मग ड्रमसेटखालचं अख्खं व्यासपीठ फिरतं, मागचा इलेक्ट्रॉनिक सेट पुढे येतो, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे सूर, आफ्रिकन वळणाचे ठेके. आणि शेवटी, जिथे बाकीचे रॉक ड्रमर नुसता गडगडाट करतात तिथे, काउंट बेसीच्या जाझ बँडची १९३७ ची गाजलेली धून, ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या फटकाऱ्यांबरोबर, स्विंगमध्ये, म्हणजे जुन्या जाझच्या झुलत्या लयीत. म्हणजे टीव्हीवर क्रूपाचा सिनेमा बघणारं ते पोरगं पन्नाशीत बरोबर क्रूपाच्या काळात जाऊन थांबतं. या सोलोला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

त्यानंतरही शिकणं थांबलं नाही, पंचावन्नच्या आसपास जाझचा पीटर अर्स्किन याच्याकडे गेला, आणि २०१२ च्या टूरमध्ये तो एकच लांब सोलो मोडून तीन छोटे केले. पण हात आणि खांदे दुखायला लागले होते. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या फोरममध्ये शेवटचा शो झाला, आणि ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कॅन्सरने तो गेला, वय ६७.

त्या शेवटच्या शोमधलं शेवटचं गाणं १९७४ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं होतं, म्हणजे नील बँडमध्ये यायच्या आधीचं, रट्सीच्या वेळचं. ते संपलं. एकेचाळीस वर्षं हा माणूस शो संपला की ड्रमच्या मागूनच निघून जायचा, स्टेजच्या पुढच्या भागात कधी यायचा नाही, ती जागा त्या दोघांची असं त्याने ठरवलेलं होतं. त्या रात्री तो कॅमेरा घेऊन पुढे आला, लोकांचे फोटो काढले, आणि मागून जाऊन दोघांच्या खांद्यावर हात टाकले.