रिया फॉर्मोसा नॅचरल पार्क
रिया फॉर्मोसा हे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, अल्गार्व्ह भागातलं मोठं खाजण, म्हणजे लगून. फारो, ओल्याव, ताविरा ही गावं अगदी त्याच्या काठावर आहेत. लांबी साधारण 60 किमी, क्षेत्रफळ 18,000 हेक्टरच्या आसपास. 1980 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि 1987 पासून नॅचरल पार्क.

खाजण आणि समुद्राच्या मध्ये वाळूची पाच बेटं नि दोन लांबट भूशिरं आहेत, त्यांच्यामधल्या मुखांतून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला निघून जातं, इथल्या सगळ्या जिवांचं वेळापत्रक या पाण्यावरच ठरतं. मोठी नदी एकही येऊन मिळत नाही, त्यामुळे पाणी जवळपास समुद्राइतकंच खारट.

ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फिडलर खेकडे बिळातून बाहेर येतात, नराची एक नांगी केवढी तरी मोठी असते, ती हलवून तो मादीला बोलावतो. माणसंही त्याच वेळी तिसऱ्या काढायला चिखलात उतरतात, पोर्तुगालमधल्या बहुतेक तिसऱ्या इथल्याच. मिठागरांत रोहित (फ्लेमिंगो) आणि शेकाट्या हे पक्षी चरतात, छोटा सुरय तर उघड्या वाळूवरच अंडी घालतो म्हणून बेटांवर बघून पाय टाकावा लागतो. पार्कचं चिन्ह मात्र जांभळी पाणकोंबडी, जी एकेकाळी पोर्तुगालमधून जवळपास नाहीशीच झाली होती.

पण मला विचाराल तर इथलं खरं वैभव समुद्रघोडे. दोन जाती आहेत, आणि पिल्लं नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. 2000 च्या सुमारास इथल्याइतकी दाट वस्ती जगात कुठेच नोंदली नव्हती, आणि 2008-09 च्या पाहणीत लांब तोंडाच्या जातीत तब्बल 94% घट दिसली, आखूड तोंडाच्या जातीत 73%, वाचून पोटात गोळाच येतो. हा मासा पोहण्यात कच्चा, शेपटीने सागरी गवत धरून राहतो, आणि बोटींचे नांगर नि ओढायची जाळी नेमकं तेच गवत उपटतात, वर चोरटी पकड वेगळीच. म्हणून संशोधकांनी तळाशी दोऱ्यांचे कृत्रिम आधार लावून पाहिले, तर समुद्रघोडे त्यांनाही शेपटी गुंडाळून राहायला लागले.