रानभूछत्रांचे निरीक्षण व छायाचित्रण

पावसाळ्यात रानात, देवराईत, शेताच्या बांधावर किंवा अगदी घरच्या कुंडीत उगवणारी भूछत्रे आणि इतर मोठी कवके शोधणे, ती जागेवरच बारकाईने पाहणे, त्यांची छायाचित्रे काढणे व नोंदी ठेवणे असा हा हौशी लोकांचा छंद आहे. पक्षी आणि फुलपाखरे पाहणाऱ्यांच्या मानाने महाराष्ट्रात या वाटेला जाणारे थोडे. वास्तविक त्यासाठी दुर्बीण लागत नाही, पहाटे उठावे लागत नाही, आणि पाहायची गोष्ट उडून जात नाही. फक्त वाकावे लागते, बऱ्याचदा ओल्या मातीत गुडघे टेकावे लागतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सह्याद्री, कोकण आणि गोवा या भागांतील या छंदाचा विचार केला आहे.

नावे. मराठीत बुरशी म्हटले की शिळी भाकरी, ओल लागलेले लोणचे आणि पावसाळ्यातली भिंत आठवते. ‘कुत्र्याची छत्री’ या नावातही कौतुक नाही. नको तितक्या संख्येने निघालेल्या गोष्टींना ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या’ असेच म्हणतात. मात्र जिथे ही छत्रे ताटात येतात, तिथली भाषा अगदी वेगळी आहे. कोकणात ती अळंबी, गोव्यात अळमी. पूर्व विदर्भात सात्या आणि टेकोडे. गोव्यात वारुळावरची ती ‘रोंयण अळमी’, कारण रोंयण म्हणजे वारूळ. जंगलात वाढलेल्या बाईला जिथे तीन-चार प्रकार वेगळे ओळखू येतात, तिथे शहरातून गेलेल्याला एकच पांढरी छत्री दिसते. छंदाची सुरुवात करणाऱ्याने पुस्तकाआधी अशा जाणत्या माणसांशी बोलावे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे.

स्वरूप. आपल्याला दिसते ते छत्र म्हणजे कवकाचे केवळ फळ. आंब्याचे खोड, फांद्या, पाने सगळे मातीत गाडलेले असावे आणि फळ तेवढे चार दिवस वर यावे, तसा हा प्रकार. खरे कवक म्हणजे माती, पाचोळा किंवा कुजक्या लाकडात पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. या जाळ्याला कवकजाल म्हणतात आणि ते वर्षानुवर्षे जगू शकते. कवकांना हरितद्रव्य नसते. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, जे खेकड्याच्या कवचातही सापडते. म्हणून त्यांना वनस्पती मानणे शास्त्राने केव्हाच सोडले असून १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी मांडलेल्या वर्गीकरणात कवकांची स्वतंत्र सृष्टी धरली आहे.

हंगाम. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की पहिली छत्रे दिसू लागतात. जुलै-ऑगस्ट हा ऐन बहर. संततधारेपेक्षा पाऊस-उघडीप-पाऊस अशी चाल त्यांना मानवते. तीन दिवस झोडपून चौथ्या दिवशी ऊन पडले की पाचव्या दिवशी रानात जावे. ढग गडगडले, वीज चमकली की अळंबी फुटते, असा कोकणात व गोव्यात समज आहे. तो जुना आहे. मेघदूतातला मेघ आपल्या गर्जनेने धरणीला ‘उच्छिलींध्र’ करतो, म्हणजे शिलींध्रे वर आणतो, आणि शिलींध्राचा रूढ अर्थ भूछत्र असा आहे. जपानमध्येही असाच समज असून इवाते विद्यापीठातील प्रयोगांत ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे क्षणिक झटके दिल्यावर शिताके अळंबीचे पीक वाढलेले आढळले. रानातल्या वळवाला हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, तरी आजीचे बोलणे हसण्यावारी नेण्याचेही कारण नाही.

ठिकाणे. आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, ताम्हिणी, भीमाशंकर, मुंबईतले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, गोव्यातले मोले ही सगळी चांगली ठिकाणे. पण देवराईची सर कशालाच नाही. देवराईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, या नियमामुळे तिथे पडलेले झाड पडल्या जागी कुजते. कवकांना हवे असते ते नेमके हेच. साफसूफ केलेल्या बागेत किंवा सागाच्या लागवडीत दिवसभर फिरून जे दिसत नाही, ते देवराईतल्या एका आडव्या खोडावर तासाभरात दिसते. शहरात राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. कुंडीत अचानक उगवणारी लिंबासारखी पिवळीधमक नाजूक छत्री म्हणजे ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. ती खायची नाही, पण कुंडीतल्या रोपाला तिचा काही त्रास नाही. उपटून टाकण्याऐवजी एक दिवस पाहावी.

काही कवके जवळून. पावसात भिजलेल्या नारळाच्या सोडणावर किंवा कुजक्या काटकीवर बोटाच्या पेरापेक्षाही लहान करड्या पेल्यांची दाटी दिसली, तर भिंग काढावे. हे सायाथस, म्हणजे पाखराच्या घरट्यासारखे कवक. कोवळेपणी पेल्यावर पातळ पांढरे झाकण ताणलेले असते; ते फाटले की आत मसुरीएवढ्या चपट्या गोट्या दिसतात, हुबेहूब घरट्यातल्या अंड्यांसारख्या. प्रत्येक गोटीत बीजाणू, म्हणजे कवकाचे बीजासारखे सूक्ष्म कण, भरलेले असतात. पेल्याचा उतार असा, की पावसाचा टपोरा थेंब बरोबर आत पडला तर उसळणाऱ्या पाण्याबरोबर गोटी हात-दोन हात दूर फेकली जाते. काही जातींत गोटीला बारीक दोरा असतो व त्याचे टोक चिकट असते. उडता उडता तो एखाद्या गवताच्या पात्याला गुंडाळला जातो आणि गोटी तिथे टांगून राहते. पावसाची शक्ती वापरून घेणारे हे यंत्र सुपारीएवढ्या जागेतही मावते. छत्री डोक्यावर धरून एका पेल्याकडे पाहत पाव तास बसावे. थेंब पडेल की नाही सांगता येत नाही, पण पडला तर तो क्षण आयुष्यभर पुरतो.

बांबूच्या बेटात सकाळी सडक्या मांसासारखा वास आला तर तोंड फिरवू नये. जाळीदार फॅलस जवळपास असण्याची शक्यता असते. आदल्या दिवशी पाचोळ्यात कोंबडीच्या अंड्यासारखा दिसणारा गोळा पहाटे फुटतो, त्यातून पांढरा सच्छिद्र दांडा भराभर वर येतो आणि टोपीखालून शुभ्र जाळीचा घोळ उलगडत जमिनीपर्यंत उतरतो. टोपीवरच्या हिरवट काळ्या चिकट लेपात बीजाणू असतात आणि वासाला भुलून आलेल्या माशा ते पायांना लावून नेतात. दुपारपर्यंत लेप संपतो, संध्याकाळी जाळी मलूल होते. उशिरा पोचलेल्याला फक्त वाकलेला दांडा मिळतो.

वारुळावरची अळंबी ही टर्मिटोमायसीस या वंशातली. हा वंश रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये वर्णिला. काही वाळव्या वारुळाच्या पोटात चघळलेल्या पाल्यापाचोळ्याचे मऊ पोळे रचतात आणि त्यावर हे कवक वाढवतात. कवक लाकडातले कठीण घटक मोडते आणि वाळवीला अन्न मिळते. पावसाळ्यात त्याच पोळ्यातून छत्र वर निघते. त्याच्या माथ्यावर मध्यभागी टणक टोक असते, मातीचा कठीण थर फोडण्यासाठी. खाली मुळासारखा लांबलचक भाग थेट पोळ्यापर्यंत गेलेला असतो. छायाचित्रासाठी तो उकरून काढू नये. बाजारासाठी न उमललेल्या कळ्याच खुडल्या जातात, बीजाणू पडायला वावच राहत नाही, आणि गोव्यात या वारूळ-अळमीच्या भवितव्याची चिंता गोवा विद्यापीठातील नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षे मांडत आले आहेत. वारुळाशी जाताना पायाखाली पाहावे; वारुळाला नागाचे घर मानणारी श्रद्धा आणि अळंबीचा हंगाम श्रावणातच एकत्र येतात.

याखेरीज शेंदरी पिक्नोपोरस, पिवळ्या पायाच्या पेल्यासारखा मायक्रोपोरस, वार्निश दिल्यागत चकाकणारे गॅनोडर्मा, जमिनीतून वर आलेल्या काळ्या बोटांसारखा झायलेरिया ही नेहमी भेटणारी मंडळी. सुकलेल्या फांदीवर लोकरी पांढऱ्या पंख्यासारखा दिसणारा शायझोफायलम कम्यून तर जगात जवळजवळ सर्वत्र आढळतो. त्याच्या खालच्या बाजूचे कल्ले, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या पातळ पट्ट्या, मधोमध उभे चिरलेले असतात. कोरड्या हवेत ते वळून मिटतात, दमट हवेत उघडतात. या एका जातीत नर-मादीऐवजी २३,००० हून अधिक जुळणी-प्रकार असल्याचे मोजले गेले आहे.

छायाचित्रण. महागड्या कॅमेऱ्याशिवाय अडत नाही. हातातला फोन जमिनीवर उलटा धरला की भिंग मातीला टेकते आणि छत्र आपोआप त्याच्या उंचीवरून दिसते. उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे टोपीचा गोल ठिपका, त्यावरून तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही. एका छत्राचे निदान तीन फोटो हवेत: आजूबाजूच्या जागेसकट एक, बाजूने दांड्यासकट एक आणि खालून कल्ल्यांचा एक. खालच्या बाजूसाठी छत्र मोडायची गरज नाही. पावडरच्या डबीतला लहान आरसा खाली सरकवला की कल्ले, दांड्यावरचे कडे, रंग सगळे आरशात उतरते. शेजारी एक रुपयाचे नाणे किंवा काडी ठेवली तर आकार कळतो.

काळोख्या रानात पांढरे छत्र कॅमेऱ्याला फसवते. तो अंधाराचा हिशेब धरून प्रकाश वाढवतो आणि टोपी चुन्यासारखी सपाट पांढरी येते. म्हणून फोनवर बोट ठेवून उजेड थोडा उतरवून घ्यावा. फ्लॅशपेक्षा पांढरी छत्री वर धरून मिळणारा मवाळ उजेड चांगला. फोटो देखणा यावा म्हणून भोवतीचा पाचोळा झाडून, काटक्या मोडून, छत्र दुसऱ्या शेवाळलेल्या दगडावर नेऊन मांडण्याची पद्धत काही जण पाळतात. ती वाईट आहे. छत्र कशावर उगवले होते, हीच ओळखीची पहिली खूण, आणि तीच त्यात पुसली जाते. आंबोली-राधानगरीकडे जळवा लागतात, आणि खालच्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप बसलेला असू शकतो; हात घालण्याआधी नजर फिरवावी.

चमकणारी कवके. भीमाशंकर व सह्याद्रीतल्या इतर दाट रानांत ऐन पावसाळ्यात अमावस्येच्या आसपास कुजक्या काटक्या हिरवट प्रकाशाने उजळलेल्या दिसतात. हा उजेड मायसीनासारख्या कवकांचा. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होताना प्रकाश बाहेर पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. विजेरी बंद करून पंधरा-वीस मिनिटे गप्प बसल्याशिवाय तो दिसत नाही. आधी काहीच नसते, मग पाचोळ्यात एक पुसट रेघ, मग दुसरी, आणि डोळे सरावले की पायांपासून उतारापर्यंत सगळी जमीन मंद उजळलेली असते. फोटोसाठी तिवई लागते आणि कॅमेऱ्याचा पडदा अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत उघडा ठेवावा लागतो. त्यामुळे छायाचित्रातला झगझगीत हिरवा रंग डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापेक्षा पुष्कळ गडद असतो. भीमाशंकर १९८५ पासून शेकरूसाठी राखलेले अभयारण्य आहे. रात्री वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि चमकती काटकी खिशात घालून आणणे बेकायदा आहे. घरी आणलेली काटकी सुकते आणि विझते, हे वेगळेच.

ओळख आणि धोका. फोटोवरून बहुतेक वेळा वंशापर्यंत पोचता येते, जातीपर्यंत क्वचित. बीजाणूंचा रंग कळला तर काम बरेच सोपे होते. अभयारण्याबाहेर, परवानगी असलेल्या जागी सापडलेल्या एका पक्व छत्राची टोपी कल्ले खाली करून निम्म्या पांढऱ्या, निम्म्या काळ्या कागदावर ठेवावी, वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते: वारूळ-अळंबीची फिकट गुलाबी, बटन अळंबीच्या भावंडांची चॉकलेटी, शेणावरच्या नाजूक छत्रांपैकी अनेकांची काळी. हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसची हिरवट येते. हे छत्र खाण्यासारखे दिसते, पण काही तासांत जोराच्या उलट्या व जुलाब घडवते. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किड्याने खाल्लेले चालते या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. छायाचित्रावरून कोणालाही ‘खा’ म्हणून सांगू नये.

हौशी लोकांचे काम. या शास्त्रात हौशी माणसांची परंपरा जुनी आहे. मुलांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेल्या बीट्रिक्स पॉटर यांनी भूछत्रांची शेकडो अचूक चित्रे काढली. बीजाणू रुजण्यावरचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, पण स्त्री असल्याने सभेला त्या स्वतः हजर राहू शकल्या नाहीत. आज जगात सुमारे दीड लाख कवकजाती वर्णिलेल्या असून प्रत्यक्षातली संख्या २२ ते ३८ लाख असावी असा २०१७ चा अंदाज आहे. एवढी तफावत थोड्या शास्त्रज्ञांकडून भरून निघणारी नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाने कवकांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, तिथे नमुना पोचला तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जात ठरू शकते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर तारीख, ठिकाण आणि खालच्या बाजूच्या फोटोसह टाकलेली नोंदही निरुपयोगी नसते. कोणत्या वर्षी कोणते छत्र कधी उगवले, एवढे जरी एकाच देवराईतून दहा पावसाळे कोणी टिपले, तरी पावसाच्या बदलत्या चालीविषयी तिथे काही हाती लागेल.

ऑक्टोबरात बहर संपतो. मायक्रोपोरस आणि गॅनोडर्मा काटक्यांवर, खोडांवर टिकून राहतात. कानासारखे ऑरिक्युलॅरिया सुकून काळ्या चिंधीएवढे होते, आणि नोव्हेंबरात अवकाळीची एक सर पडली की तासाभरात फुगून पुन्हा मऊ, गुळगुळीत, उजेडात धरल्यास तांबूस दिसणारे होते.