प्रकाश व रंगांचे सातत्य (विद्यार्थी चित्रपट)

एका प्रसंगाचे शॉट निरनिराळ्या वेळी घेतले जातात, पडद्यावर मात्र ते सलग घडल्यासारखे दिसावे लागतात. त्यासाठी प्रकाशाची दिशा, तीव्रता आणि रंगछटा शॉटगणिक सारखी राखणे म्हणजे हे सातत्य.

विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत ते बहुधा खिडकीपाशी बिघडते. सकाळी दहाला दोघांचा एकत्र शॉट झाला आणि क्लोजअप घ्यायला चार वाजले, की संकलनात एकाच संवादात गाल आधी निळसर आणि पुढच्याच शब्दाला पिवळा दिसतो. प्रकाशाचे रंगतापमान, म्हणजे तो किती पिवळसर वा निळसर आहे हे, केल्विन या एककात मोजतात (आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर): टंगस्टन दिव्याचे सुमारे ३२००, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५६००, तर सावलीत येणाऱ्या आकाशाच्या उजेडाचे ७००० च्याही वर. डोळा हा फरक नकळत सांभाळून घेतो. कॅमेरा घेत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगजुळणी) तर लाल साडी चौकटीत शिरली तरी मागच्या भिंतीचा रंग पालटू शकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) हातानेच ठरवून प्रसंग संपेपर्यंत कायम ठेवावे, आणि कॅमेरा व दिव्यांच्या प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला करडे कार्ड (नंतर रंग जुळवताना आधार म्हणून लागणारा तटस्थ करडा पुठ्ठा) चित्रित करावे. खिडकीच्या उजेडात ट्यूबलाइटची हिरवट झाक मिसळत असेल, तर ट्यूब बंद करणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुतेकदा सर्वांत चांगला उपाय. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंदावर ठेवले, की अशा दिव्यांची लुकलुक सहसा टळते.

उजेडाच्या पोताचे, म्हणजे तो मऊ की कठोर याचे, सातत्य कसे राखावे, याचा उत्तम धडा सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ चित्रपटात (१९५६) आहे. बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. खऱ्या अंगणात वरून झिरपणारा, सावल्या न पाडणारा उजेड आणण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्यावर मारून परावर्तित प्रकाश वापरला. आजही थर्माकोलचा एक पांढरा पत्रा तेच काम करतो. चेहऱ्यापासून तो किती फुटांवर धरला होता, हे शॉटच्या नोंदवहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी आठवणीवर विसंबून तो जागेवर येत नाही.

उरलेला फरक ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर रंग व उजेड सुधारताना, जुळवतात. प्रसंगातला सर्वांत नीट जमलेला शॉट प्रमाण मानून बाकीचे त्याच्याशी जुळवावे. आधी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), मग रंग, आणि कसोटी म्हणून त्वचा. नाकाची सावली मात्र डावीकडून उजवीकडे गेली असेल, तर बहुतेक वेळा तो शॉट पुन्हाच घ्यावा लागतो.