चिनी विद्यार्थी सेमिनारमध्ये गप्प का असतात?

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकलं. आपले ३,३१,६०२, त्यांचे २,७७,३९८. बातमी गाजली आणि तिच्या निमित्ताने एक जुनं मत पुन्हा कानावर आलं: आपली पोरं चुरचुरीत बोलतात, चिनी पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत, कारण कन्फ्यूशियस! गुरूपुढे नम्र राहायचं, वगैरे.

संस्काराचा भाग काहीच नाही असं कोण म्हणेल? पण हीच मुलं कँटीनमध्ये आपल्या भाषेत तासभर कल्ला करतात. मग अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ऋषितुल्य माणसाला वेठीला धरण्याआधी घड्याळ बघायला काय हरकत आहे?

नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतले प्रश्न आणि उत्तरं मोजली. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. सगळ्यांत झटपट उत्तर जपानी लोकांचं, सगळ्यांत सावकाश डॅनिश लोकांचं. 'पौर्वात्य संयमा'वर भाषणं देणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आता गंमत बघा. मांजराचं चित्र दाखवलं तर 'मांजर' हा एक शब्द तोंडातून बाहेर यायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. पूर्ण वाक्याला त्याहून बरेच जास्त. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार ते ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी चालू असते.

हा अंदाज कशावरून बांधतो? २००६ च्या एका डच प्रयोगात लोकांना संभाषणाचे तुकडे ऐकवले आणि बोलणाऱ्याचं बोलणं संपेल त्या क्षणी बटण दाबायला सांगितलं. आवाजातले चढउतार सपाट केले तरी अंदाज बिघडला नाही. चढउतार तसेच ठेवून शब्द अस्पष्ट केले, तेव्हा मात्र घसरला. म्हणजे मुख्य भिस्त शब्दांवर आणि वाक्याच्या बांधणीवर.

आणि इथेच बीजिंगहून आलेला विद्यार्थी अडतो. मँडरिनमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला शेवटी 'मा' लागतो, आपल्या 'का'सारखा. 'काय', 'कोण' विचारणारे शब्दही वाक्यात उत्तर जिथे येणार तिथेच बसतात. इंग्रजीत हा सगळा ऐवज बहुधा वाक्याच्या तोंडाशीच येतो. व्याकरण त्याला पाठ असतं हो, पण पाठ असणं वेगळं आणि चालू वाक्यात पुढचा शब्द आपोआप सुचणं वेगळं. दुसऱ्या भाषेत हा अंदाज उशिरा बांधला जातो, शब्दही उशिरा हाताशी येतात. सेमिनारच्या टेबलाभोवती चार इंग्रजीभाषक बसलेले, प्रत्येकजण २०० मिलिसेकंदांत फट पकडणारा. याचं वाक्य तयार होईतो विषय पुढे गेलेला असतो. असं तीन-चारदा झालं की माणूस वहीत डोकं घालतो, आणि त्या गप्प बसण्याला आपण संस्कृती म्हणतो.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम बँड, म्हणजे गुणश्रेणी, मिळवलेला मुलगा वर्गात मुका का होतो, याचंही कोडं मला त्यामुळे फारसं पडत नाही. तिथे बोलण्याच्या चाचणीत समोर एकच परीक्षक, ११ ते १४ मिनिटं, आणि तुमची पाळी हिसकावून घेणारं कुणीही नाही.

कानात घालायच्या भाषांतर यंत्रांच्या जाहिराती बघून हुरळून जाऊ नका. यंत्राने भाषांतर करायचं तर आधी काही शब्द ऐकावे लागणार, मग ते बोलणार, मग तुम्ही ऐकणार. शर्यत मिलिसेकंदांची असताना तुम्ही आणखी मागे!

उपाय याहून स्वस्त आहे आणि तो प्राध्यापकाच्या हातात आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमध्ये मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि अजिबात उत्तर न येण्याचं प्रमाण घटलं. ती मुलं तर बहुतेक आपल्या रोजच्याच भाषेत उत्तरं देत होती.